जुन्या पैंजणांची लगड घरी कशी करावी

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोड (मोडायचे जुने दागिने) घेऊन गेलं की 'घट', म्हणजे वजनातली तूट, हा शब्द लगेच कानावर येतो. मग वाटतं, आपणच का आटवू नये? चांदी घरी आटवता येते. शुद्ध मात्र होत नाही. टंच म्हणजे शेकडा शुद्धता. ६० ग्रॅमचे पैंजण ७० टंचाचे असतील तर त्यात शुद्ध चांदी ४२ ग्रॅमच. उरलेलं बहुतेक तांबं, आणि ते चांदीत मुरलेलं असतं, मळीसारखं वर येत नाही. लगड, म्हणजे ओतलेली कांडी, कितीही चकचकीत निघाली तरी टंच तोच.

आधी खडे, मीना काढा. घुंगरं कापून उघडा, आत ओल राहिली तर तापल्यावर फुटतात. चुंबक फिरवा, फाशातली स्प्रिंग लोखंडी असू शकते. मग वजन करून लिहून ठेवा. सोनं यात आणू नका: हॉलमार्क आटणीत जातो, आणि कोल्हापुरी साजाच्या मण्यांत लाख भरलेली असते.

जागा गच्ची किंवा परसू. स्वयंपाकघर नकोच. जुन्या डागकामात, म्हणजे सांधे जोडायच्या धातूत, कॅडमियम असू शकतं. ते ७६७ अंशांना उकळतं, चांदी ९६२ अंशांना वितळते. म्हणजे चांदी पातळ होण्याआधीच विषारी वाफ निघालेली असते. वाऱ्याकडे पाठ करून बसू नका, वारा बाजूनं येऊ द्या. चष्मा, चामडी हातमोजे, सुती कपडे.

नवी मूस (धातू वितळवायचं भांडं) आधी तापवून आत टाकणखार (बोरॅक्स) भुरभुरा, काचेसारखा थर बसेल. मग तुकडे घालून गॅसच्या टॉर्चची ज्योत धरा. घरची शेगडी एवढी तापत नाही. थोडा टाकणखार आणखी टाका. तुकडे आधी लाल होतात, मग खचतात, आणि एकदम आरशासारखा गोळा डोलू लागतो. तेव्हाही घाई नको, ग्रॅफाइटच्या सळईनं एकदा ढवळा. वर कोळशाचा खडा ठेवा, कारण वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते आणि गोठताना थुंकते.

साचा लोखंडी, तेलाचा हात लावलेला आणि चांगला तापवलेला हवा. मी पहिल्यांदा थंड साचा घेतला. सकाळचं दव डोळ्यांना दिसलं नाही. थेंब उडाला आणि चपलेच्या पट्ट्यातून आरपार गेला. ओतताना ज्योत मुशीच्या ओठावर ठेवा, धार तुटू देऊ नका. लगड गार झाल्यावर चिंचेच्या पाण्यात उकळली की काळपटपणा जातो.

शुद्ध करायला नत्राम्ल (नायट्रिक ॲसिड) लागतं. त्यातून निघणारा तपकिरी वायू श्वासात गेला तर लगेच काही वाटत नाही, फुप्फुसात पाणी काही तासांनी साचतं. ते काम गुजरीतल्या किंवा हुपरीच्या (कोल्हापूरजवळचं चांदीकामाचं गाव) गाळणीवाल्याकडे, म्हणजे धातू शुद्ध करणाऱ्याकडे, द्या. देण्याआधी टंच मशीनवर बघा, तोही लगड थोडी कानशीनं घासून, कारण वरची कातडी आतल्यापेक्षा जास्त टंच दाखवते. मुशीला चिकटलेला काचेसारखा थर फेकू नका. त्यात चांदीचे मणी असतात. सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन झारेकरी धातू काढतात ते उगाच नाही.