सोबतच्या माणसाचा पाय मोडला, आता प्रवासाचं काय?

लागलेला माणूस "मला काही झालेलं नाही" म्हणाला, तरी पहिला अर्धा तास त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. हंपीला मातंग टेकडी उतरताना आमच्या थोरल्या जाऊबाईंचा पाय सटकला. दगडावर बसल्या आणि पहिलं वाक्य काय, तर "चपलेचा बंद तुटला बघ." चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि काळजी चपलेची! धक्का बसलेला माणूस असाच वागतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे भोवती जमणारी भली माणसं. काखेत हात घालून उभं करायला चौघं तरी धावतातच. त्यांना आधी हात जोडून थांबवा.

डोकं आपटलं का, मान दुखते का, हातापायाची बोटं हलतात का, एवढं विचारून घ्या. मान दुखत असेल किंवा हातपाय बधिर वाटत असतील, तर जागचं हलवायचं नाही आणि ११२ ला फोन लावायचा. बऱ्याच राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ ही चालतो. डोक्याला मार लागून नंतर उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात वेळ घालवू नका, सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

घोट्याची गोष्ट वेगळी. तिथे नुसतं मुरगळलंय की हाड मोडलंय, हे सुजेवरून कळत नाही. चार पावलं स्वतःच्या पायावर टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडाच्या टोकावर, मागच्या कडेला बोटाने दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. डॉक्टरही तपासताना हेच बघतात.

सूज चढायच्या आत पायातलं सगळं उतरवा. चप्पल-बूट कुणालाही सुचतात, जोडवी विसरतात. जाऊबाईंची उजव्या पायाची जोडवी तोवर रुतायला लागली होती. पर्समधला कागदी साबण बाटलीतल्या पाण्याने बोटावर चोळला, आणि ओढायच्या ऐवजी जोडवं गोल फिरवत फिरवत काढलं. सौभाग्याचं लेणं म्हणून त्या काढू देईनात. म्हटलं, "दवाखान्यात कातरून काढतील, चालेल?" मग दिलं काढू. हाताला लागलं असेल तर अंगठ्या आणि बांगड्यांचंही तेच.

पाय सापडेल तसाच, न ओढता, दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्राच्या जाड गुंडाळ्या लावून ओढणीने बांधा. शीतपेयाच्या टपरीवर बर्फ मिळतो. तो कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मालीश नको, शेक नको. कुणीतरी हमखास हाडवैद्याचं नाव सुचवतं. दक्षिणेत फिरत असाल तर आंध्रातल्या पुत्तूरचं नाव कानावर येईलच, तिथली हाडं बसवण्याची परंपरा फार प्रसिद्ध आहे. परंपरेशी माझं भांडण नाही, पण एक्स-रेच्या आधी पायाला कुणी हात लावायचा नाही, यावर मी ठाम असते. आणखी एक, चहा-बिस्किटं देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

हंपीहून जवळचं मोठं गाव होस्पेट, साधारण १३ किलोमीटर. रिक्षात मागच्या सीटवर पाय आडवा घेऊन आलो, खाली घडी केलेली चादर. अशा वेळी गावातला माणूस हाताशी असलेला बरा. आमचा रिक्षावाला हिंदी बोलणारा होता, कुठे एक्स-रे मशीन आहे आणि हाडांचे डॉक्टर किती वाजता येतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याला दिवसभरासाठी ठरवून टाकलं.

एक्स-रेत घोट्याचं हाड मोडलेलं दिसलं की "उद्याच ऑपरेशन करून टाकू" असं ऐकायला मिळू शकतं. सोबतच्या माणसाची खरी कसोटी इथेच लागते, कारण दुखणाऱ्याला त्या घडीला फक्त दुखणं थांबायला हवं असतं. डॉक्टरांना सरळ विचारा: हे आजच करायला हवं का, की कच्चं प्लास्टर घालून घरी जाऊन केलं तर चालेल? हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, सांधा निखळला असेल, पायाची बोटं गार किंवा निळी पडली असतील, तर प्रश्नच नाही, तिथेच उपचार. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तरी शेकडो किलोमीटर फरफटत आणू नये, जवळच्या मोठ्या शहरात लवकर शस्त्रक्रिया झालेली बरी. घोट्याच्या साध्या मोडीत मात्र सूज उतरेपर्यंत सर्जन पुष्कळदा स्वतःच काही दिवस थांबतात. ते दिवस लॉजच्या खोलीत काढायचे की घरी, एवढाच मग प्रश्न उरतो. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढा आणि घरच्या डॉक्टरांना पाठवा. आम्ही तेच केलं, आणि कच्च्या प्लास्टरवर सांगलीला परतायचं ठरलं.

प्लास्टर घातल्यावर पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी बोटं बघा. गोळी देऊनही कळ वाढतच चालली, बोटं बधिर झाली, हलवली की सहन होईना, तर सकाळची वाट बघायची नाही. तसंच जाऊन प्लास्टर सैल करून घ्यायचं.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते, म्हणजे संडास. एक पाय टेकायचा नाही म्हटल्यावर उकिडवं बसणं संपलं. खोली बदलून तळमजल्यावरची, कमोडवाली घ्या, आणि बाथरूमच्या दाराची रुंदी बघा, वॉकर आत जातो का. पन्नाशीपुढच्या माणसाला कुबड्यांपेक्षा वॉकर बरा, कुबड्यांवर ओल्या फरशीवरून पुन्हा पडायची भीती असते. औषधांच्या मोठ्या दुकानात वॉकर मिळतो. जायला नको म्हणून जाऊबाई पाणीच पिईनात. त्यांना दटावून पाजावं लागलं, कारण पाय हलवायचा नाही आणि पाणीही कमी, अशा वेळी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. लांबचा प्रवास असेल तर त्यासाठी इंजेक्शन लागेल का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

परत येताना आम्ही गाडी केली. कोप्पळ, गदग, हुबळी, बेळगाव असा रस्ता, मागची अख्खी सीट त्यांना आणि पायाखाली लोड. रेल्वेने यायचं तर खालचा बर्थ हवाच, पण त्याहून अवघड असतं डब्यात चढणं. गाडी दोन-तीन मिनिटं थांबणार असेल तर आधीच स्टेशनमास्तरांना भेटून व्हीलचेअर आणि हमालाची सोय करा. धावत्या गाडीत त्रास वाढला तर १३९ लावा, पुढच्या स्टेशनवर डॉक्टर मागवता येतो. विमानाचं तिकीट असेल तर कंपनीला आधी कळवा. प्लास्टर घालून दोन दिवसही झाले नसतील तर पुष्कळ कंपन्या ते उभं चिरून आणायला सांगतात, आणि प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र मागू शकतात.

वाहनाने ठोकरलं असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवतं, त्याला घाबरू नका. "आधी पोलीस, मग उपचार" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. तातडीचे उपचार कायदेशीर सोपस्कारांसाठी अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय. अनोळखी जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यालाही २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण आहे.

तुम्ही चोवीस तास उशाशी बसलात की दुखणाऱ्याला अपराधी वाटतं आणि तुम्ही चिडचिडे होता. लॉजच्या मालकीणबाई जाऊबाईंजवळ बसल्या तेव्हा मी संध्याकाळी विरूपाक्ष मंदिरात जाऊन आले. कुणाला ते निर्दयपणाचं वाटलं तर वाटो. त्या स्वतःच म्हणाल्या, "फोटो काढून आण."

कागद मात्र तुमच्याच पिशवीत ठेवा. एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची शिक्क्याची मूळ बिलं, वॉकरचंसुद्धा. रुग्णालयात दाखल करायची वेळ आलीच तर विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करा, बऱ्याच पॉलिसींत कळवायची मुदत २४ तासांचीच असते. पॉलिसीचा नंबर रुग्णाच्या फोनमध्ये आणि त्या फोनला कुलूप, अशी गत व्हायला नको, म्हणून निघतानाच एकमेकांच्या कार्डांचे फोटो घेऊन ठेवा. सोबत चालू औषधांची आणि कसली ॲलर्जी आहे त्याची यादीही हवी. जाऊबाईंना सल्फाची ॲलर्जी आहे, हे मला होस्पेटच्या त्या खोलीत कळलं, इतक्या वर्षांच्या संसारानंतर.