आयएसडीएनवर कॉल लागतो, पण डेटा जात नाही? या चुका टाळा

आयएसडीएन म्हणजे टेलिफोनच्या तारांवरून डिजिटल कॉल लावून आवाज किंवा डेटा पाठवायची सेवा. चॅनेलचा दिवा हिरवा होतो, कॉल लागलेला दिसतो, आणि तरी एक पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारा छोटा संदेश) जात नाही. मग पहिला फोन एक्स्चेंजला जातो, ‘तुमची लाइन खराब आहे’ म्हणून. वर्षानुवर्षं मी हेच बघत आलोय. डेटा कॉल लागला की एक्स्चेंजचं काम एवढंच, की ६४ केबीपीएसच्या बी चॅनेलवर (लाइनवरच्या, आवाज किंवा डेटा नेणाऱ्या दोन वाटांपैकी एक) इकडचे बिट जसेच्या तसे तिकडे पोचवायचे. त्या बिटांत एचडीएलसी आहे, व्ही.१२० आहे की एक्स.७५, म्हणजे डेटा कोणत्या प्रोटोकॉलने बांधलाय, हे त्याला ठाऊकच नसतं. ते दोन्ही टोकांनी आपसांत जमवायचं असतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखेचा प्रसंग सांगतो. भर पावसात लीज्ड लाइन (कायम जोडलेली भाड्याची लाइन) गेली, बॅकअपला आयएसडीएन. आधीचा टर्मिनल अडॅप्टर (सिरियल पोर्ट आयएसडीएनला जोडणारं उपकरण) विजेने जळाला होता, म्हणून कोणीतरी नवा आणून सिरियल पोर्टला जोडला आणि फॅक्टरी सेटिंगवरच चालू केला. कॉल लगेच लागला. मुख्य कार्यालयाच्या राउटरनेही उचलला. अर्ध्या मिनिटाने तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. दोन दिवस हेच चाललं. लाइनमन दोनदा येऊन गेला, एनटी-वन (बाहेरून आलेली लाइन आतल्या उपकरणांना जोडणारी डबी) बदलला, आणि लागलेल्या प्रत्येक कॉलचे पैसे बिलात चढत राहिले.

तिसऱ्या दिवशी मी मुख्य कार्यालयात बसून पीपीपीचा (दोन टोकं आपसांत जोडणी ठरवतात तो प्रोटोकॉल) डीबग, म्हणजे राउटरमधली आतली नोंद, लावला. आमच्याकडून CONFREQ (जोडणीच्या अटी ठरवायची मागणी) जात होते, एकामागून एक. तिकडून आलेली एकही ओळ नव्हती. म्हणजे पासवर्डपर्यंत गाडी पोचलीच नव्हती. नवा अडॅप्टर व्ही.१२० बोलत होता आणि राउटर सिंक (सलग बिटांच्या) पीपीपीची वाट बघत होता. अडॅप्टरमध्ये असिंक (सुट्या सुट्या बाइटांच्या) पीपीपीचं सिंक करणारा मोड निवडला आणि पुढचाच कॉल टिकला. काम पाच मिनिटांचं होतं, पण मॅन्युअलचं ते पान कोणी उघडलंच नव्हतं. ‘चालतंय का बघू’ म्हणत एकेक प्रोटोकॉल आलटून पालटून लावणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. समोरच्या टोकाला काय लावलंय, हे एक फोन करून विचारता येतं.

~~~

दुसरी चूक कॉलच्या प्रकाराची. अडॅप्टर किंवा राउटर व्हॉइस कॉल पाठवतो आणि समोरचा फक्त डेटा घेतो. सेटअप मेसेजमध्ये (कॉल लावताना जाणारा संदेश) बेअरर कॅपेबिलिटी, म्हणजे कॉलचा प्रकार सांगणारा कोड, वाचा: ८८९० असेल तर ६४ केबीपीएस शुद्ध डेटा, ८०९० ने सुरू होत असेल तर बोलण्याचा कॉल. कॉज कोड (कॉल का तुटला ते सांगणारा आकडा) ८८ आला तर समोरच्या उपकरणाला तो कॉल चालत नाही, ५७ आला तर तुमच्या लाइनला ती सेवा दिलेली नाही. एक्स्चेंजला फोन करायचा तो या ५७ साठी, आणि कोड सांगून. काम लवकर होतं.

माझी सवय अशी, की काहीही करण्याआधी एका बी चॅनेलवरून आपल्याच नंबरला डेटा कॉल लावायचा आणि दुसऱ्या चॅनेलवर उचलायचा. लागला की आपली लाइन डेटा कॉल नेते हे नक्की झालं, पुढचा शोध समोरच्या टोकाला. हे न करता मी केबललाही हात लावत नाही.

अमेरिकन उदाहरणावरून कॉन्फिगरेशन उतरवू नका. स्पिड (SPID, लाइनचा ओळख-नंबर) तिकडच्या एक्स्चेंजला लागतो, आपल्याला नाही. आपल्याकडे युरोपियन पद्धत, सिस्कोच्या राउटरवर स्विच टाइप, म्हणजे एक्स्चेंजची पद्धत, basic-net3. स्विच टाइप बदलला की मी राउटर रीलोड करतोच.

भिंतीतून आलेली दोन तारांची जोडी थेट उपकरणाच्या एस/टी पोर्टला लावू नका, मध्ये एनटी-वन हवाच. एस बसच्या (एनटी-वनपासून उपकरणांपर्यंत जाणाऱ्या तारांच्या) शेवटी १०० ओहमचं टर्मिनेशन विसरू नका. एमएसएन (लाइनवरच्या उपकरणाला दिलेला नंबर) भरताना एक्स्चेंज किती आकडे पाठवतं ते डीबगमध्ये बघून तेवढेच भरा.

बिलाचीही काळजी घ्या. सिस्कोचा आयडल टायमर (लाइन रिकामी राहिली की कॉल सोडणारा) मुळात १२० सेकंदांचा असतो, पण डायलर लिस्टमध्ये (कशासाठी कॉल लावायचा आणि धरायचा त्याची यादी) सगळ्या आयपीला परवानगी दिली असेल आणि आरआयपी (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) चालू असेल, तर दर ३० सेकंदांनी अपडेट जातो, टायमर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो आणि लाइन रात्रभर सुटत नाही. दोन्ही चॅनेल उघडे असले तर ते दोन कॉल धरले जातात. मी आधी एकाच चॅनेलवर सगळं चालवून बघतो, मल्टिलिंक (दोन्ही चॅनेल एकत्र जोडणं) नंतर.

आणि एनटी-वनच्या झाकणावर मी एक चिठ्ठी चिकटवतो: दोन्ही टोकांचे नंबर, स्विच टाइप, प्रोटोकॉल, तारीख. अडॅप्टर बदलायला येईल त्याला आधी ती वाचायला लावा.