स्टेअरिंगचा आवाज: पाना हातात घेण्याआधी

आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेड दोन वर्षांचा. तिथं रॅक-पिनियन (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी दातेरी पट्टी आणि दातेरी चक्र) कसा चालतो ते नीट शिकवतात, आणि ते लागतंच. पण दिग्रस-आर्णीकडच्या गॅरेजवर उभं राहिलं की गिऱ्हाईक एवढंच सांगतं, "भाऊ, स्टेअरिंगमधून आवाज येऊन राह्यला." पुढचं सगळं आपण शोधायचं. या धंद्यात नवीन येणाऱ्या पोरांना माझं सांगणं एकच आहे: आवाजाचं कारण हाताला लागल्याशिवाय एकही भाग बदलू नका. आपल्याकडे दुरुस्तीचा पैसा कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या चुकाऱ्यातून येतो. चांगला टायरॉड (रॅकपासून चाकाकडे जाणारा दांडा) काढून नवा टाकला आणि आवाज तसाच राहिला, तर त्या माणसाचं नुकसान झालं आणि तुमच्यावरचा भरवसाही गेला.

म्हणून आधी विचारा. आवाज उभ्या गाडीत येतो की चालत्या? वळवतानाच येतो की सरळ रस्त्यावर खड्ड्यातही? इंजिन सुरू असतानाच येतो का? मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवा आणि तो म्हणतो तोच आवाज तुम्हालाही ऐकू येतो याची खात्री करा. लोखंडातून आवाज लांब जातो. ड्रायव्हरला तो उजव्या चाकात वाटतो आणि दोष डाव्या बाजूला निघतो, हे नेहमीचं आहे.

गाडी कोणती तेही बघा. अल्टो, वॅगनआरला पॉवर स्टेअरिंग असलं तर ते इलेक्ट्रिक असतं, मोटर कॉलमवर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावर; त्यात तेल नसतंच. बोलेरोसारख्या गाडीत पंप, पाइप आणि तेलाचा डबा असतो. तिथं वळवताना "घूंऽऽ" असा आवाज आला आणि इंजिन वाढवलं की तोही चढला, तर डब्याचं झाकण उघडा. तेल कमी असेल तर गळती शोधा. नुसतं भरून गाडी सोडू नका. तेलावर फेस दिसला, किंवा इंजिन बंद केल्यावर डब्यातली पातळी वर आली, तर आत हवा आहे.

हवा कुठून शिरते, इथं नवीन पोरगा अडकतो, कारण बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही. डब्यातून पंपाकडे जाणारा रबरी पाइप बघा. त्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. आपल्या उन्हाळ्यात बॉनेटखाली रबर कडक होतं, क्लिपखाली बारीक चीर पडते आणि पंप तिथून हवा ओढतो. पाइप बोटांनी दाबून, वाकवून बघा. अशा वेळी काम पाइप आणि क्लिपवर भागतं, पंप बदलावा लागत नाही. पंप बदलणं महाग आहे, त्यामुळे त्याच्यावर बोट ठेवण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

नंतर हवा काढायची. पुढची दोन्ही चाकं उचलून घोडीवर (गाडीला आधार देणाऱ्या लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर कधीच गाडीखाली जाऊ नका. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, तेल कमी होऊ देऊ नका. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून पुन्हा तसंच करा. फुल कट मारून, म्हणजे स्टेअरिंग टोकापर्यंत वळवून, पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तेल तापतं आणि पंपावर भार येतो. तेल झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घाला. लाल आणि हिरवं एकत्र करायचं नाही, आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही, त्यानं सील फुगतात.

फुल कटवर "चीं" असा आवाज आला तर आधी पंप फिरवणारा पट्टा बघा.

"खट-खट" वाजत असेल तर दोन माणसं लागतात. एकानं स्टेअरिंग थोडंसंच डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं प्रत्येक सांध्यावर हात ठेवत जायचं. ज्या सांध्यात प्ले (सैलपणा) आहे तो बोटांना ठोका देतो, डोळ्याला दिसण्याआधीच. मग चाक उचलून दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवा: प्ले असला तर बहुधा टायरॉड किंवा रॅकच्या टोकाचा सांधा. वर-खाली धरून हलवल्यावर प्ले आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. उभ्या गाडीत वळवताना स्प्रिंग अडकून "कट्ट" सुटते असं वाटलं, तर त्याच स्प्रिंगवर हात ठेवा. ती झटका देत असेल तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलेलं असतं. हा आवाज रॅकवर ढकलून लोकांना मोठा खर्च सांगितला जातो, त्याचा मला फार राग येतो.

चालत्या गाडीत वळणावर कटकट येत असेल तर ती एक्सलची. तिथं रबरी बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. स्टेअरिंगच्या चाकातच खसखस होत असेल तर एअरबॅग लक्षात ठेवा: बॅटरी काढून, पुस्तकात सांगितलेला वेळ थांबूनच हात घाला.

पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे बूट मी आवाज नसला तरी बघतो. काळी माती फाटलेल्या बुटातून रॅकमध्ये गेली, की ओली असताना चिकटते आणि सुकल्यावर घासते. बूट वेळेत बदलला तर रॅक वाचतो.

टायरॉड बदलताना लॉकनटची (टायरॉडचं टोक जागेवर आवळून धरणाऱ्या नटाची) जागा खुणावून ठेवा आणि नवीन तिथपर्यंतच बसवा. कॉटर पिन (नट सुटू न देणारी पिन) नवीनच टाका. तरी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं, करावीच लागते. मशीन तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला पाठवा आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकाला काम हाती घेण्याआधीच सांगा. काढलेला भाग त्याच्या हातात द्या आणि प्ले कुठं होता ते त्याला स्वतः हलवून बघू द्या.