आधी फायली बघा, मग लायसन्स मोजा: मोठ्या कंपनीत लिब्रेऑफिस कसं आणायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट बंद केला, विंडोज १० चा पण त्याच दिवशी, आणि तेव्हापासून मकरपुरा जीआयडीसी म्हणा, वाघोडिया म्हणा, सावली म्हणा, बडोद्यातल्या आयटीवाल्यांना वरून एकच प्रश्न येतोय, की इतक्या सगळ्या मशीनींना परत लायसन्स घ्यायचं का ते फुकटवालं टाकून द्यायचं. फुकटवालं म्हणजे लिब्रेऑफिस, वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं मोफत सॉफ्टवेअर. साहेब लोकांना वाटतं डाउनलोडच तर करायचंय, त्यात काय एवढं. डाउनलोड आणि इन्स्टॉल खरंच सोपं आहे, एका दुपारचं काम. बाकीचं जे असतं त्याच्यासाठी हा लेख.

लिब्रे की ओपन?

हे पटकन संपवू. दोघांचं मूळ एकच, जर्मनीतलं स्टारऑफिस, ते १९९९ मध्ये सन नावाच्या अमेरिकन कंपनीने विकत घेतलं, पुढे त्याचा कोड खुला करून ओपनऑफिस झालं, २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली तेव्हा बरेच डेव्हलपर बाहेर पडले आणि त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉक्युमेंट फाउंडेशन काढून लिब्रेऑफिस सुरू केलं. ओपनऑफिस अपाचीकडे आहे पण २०१४ च्या ४.१ नंतर त्यात फक्त छोट्या दुरुस्त्या येतात. तेव्हा लिब्रे घ्या, दुसरा विचार नको. कंपनीत वापरायला परवानगी आहे का हे फायनान्सवाले विचारतीलच, तर हो, मोझिला पब्लिक लायसन्स २.० आहे, किती पण मशीनींवर टाका, सीटचे पैसे नाहीत. फक्त डाउनलोड त्यांच्या ऑफिशियल साइटवरूनच करा आणि त्या लायसन्सची एक कॉपी ऑडिटच्या फायलीत लावून ठेवा.

पहिलं काम: फायलींची जनगणना

सगळे इथेच चुकतात, कारण सगळे मशीनी मोजत बसतात. मशीन कुठली आहे त्याने काहीच ठरत नाही, त्या मशीनवरच्या फायली कुठून येतात आणि कुठे जातात त्याने ठरतं. शेअर्ड ड्राइव्हवर एक छोटी स्क्रिप्ट चालवा आणि यादी काढा: एक्सएलएसएम, एक्सएलएसबी (एक्सेलच्या), एमडीबी, एसीसीडीबी (अॅक्सेस डेटाबेसच्या) अशा एक्स्टेन्शनच्या फायली किती, कोणाच्या, शेवटच्या कधी बदलल्या. दोन-तीन वर्षांत कोणी हात नाही लावला ती बाजूला काढा, यादी एकदम हलकी होते. जुन्या एक्सएलएस फायलींत पण मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेले छोटे प्रोग्राम, लपलेले असतात, त्या वेगळ्या बघायच्या.

मग प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये जाऊन बसायचं, ईमेल टाकून माहिती मागवायची नाही, कारण ईमेलवर सगळे "नॉर्मल एक्सेल वापरतो" एवढंच लिहितात. समोर बसलात की कळतं. फायलींचे तीन ढीग करा. एक, ज्या कंपनीच्या आतच फिरतात, रजेचे अर्ज, स्टोअरचं रजिस्टर, मीटिंगच्या नोट्स, नोटिसा. दोन, ज्या बाहेर जातात पण समोरचा फक्त वाचतो, कोटेशन, पत्रं, सर्टिफिकेट. या पीडीएफच जायला हव्यात, आणि रायटरमध्ये (लिब्रेतलं वर्ड) हायब्रिड पीडीएफ बनतो, म्हणजे पीडीएफच्या आतच मूळ ओडीटी फाइल (रायटरची स्वतःची) बसते, उद्या परत एडिट करता येते. तीन, ज्या बाहेर जाऊन बदल होऊन परत येतात आणि परत जातात. खरा त्रास तिसऱ्या ढिगात आहे. कस्टमरने पाठवलेलं क्वालिटीचं टेम्प्लेट, त्यात मर्ज केलेले सेल, ड्रॉपडाउन, लॉक केलेल्या शीट, कुठेतरी लोगो, ते कॅल्कमध्ये (लिब्रेतलं एक्सेल) उघडून भरून परत पाठवलं की एखादी रांग इकडची तिकडे होते आणि कस्टमर बोंबलतो.

शिवाय प्रत्येक कंपनीत एक शीट असते, प्रोडक्शन प्लॅनिंगची वगैरे, कोणीतरी कधीतरी बनवलेली, बनवणारे साहेब रिटायर झालेत, आत काय आहे कोणाला माहीत नाही आणि रोज सकाळी सगळा प्लांट तिच्यावर चालतो. ती आधी शोधा. तिच्यात पॉवर क्वेरी किंवा पॉवर पिव्हट (एक्सेलच्या डेटा ओढायच्या-जोडायच्या सोयी) असेल तर कॅल्कमध्ये ते चालणार नाही. व्हीबीए (एक्सेलच्या मॅक्रोची भाषा) मॅक्रो साधे असतील तर बरेचसे चालतात, फॉर्म आणि आउटलुकला मेल पाठवणारे वगैरे असतील तर परत लिहावे लागतात, बेसिकमध्ये किंवा पायथनमध्ये.

कोणाचं एक्सेल काढायचं नाही

यादी हातात आली की सर्वात आधी हे ठरवा. अकाउंट्सचं उदाहरण घ्या. जीएसटीआर-९ चं, म्हणजे जीएसटीच्या वार्षिक रिटर्नचं, ऑफलाइन टूल हे मॅक्रोवालं एक्सेल वर्कबुक आहे, मायक्रोसॉफ्टचं एक्सेलच मागतं. काही बँकांचे बल्क पेमेंटचे टेम्प्लेट पण तसेच. तिथल्या बेनना "कॅल्कमध्ये करून बघा ना" म्हणण्यात काही अर्थ नाही, ड्यू डेट त्यांच्या डोक्यावर असते, तुमच्या नाही. त्यांची दोन-चार मशीनं, कॉस्टिंगवाले, तिसऱ्या ढिगात रोज काम करणारे मार्केटिंगवाले, यांचं लायसन्स राहू द्या. शंभर टक्के करायचा हट्ट धरला की प्रोजेक्ट बसतो.

हे सांगितलं की कोणीतरी म्युनिकची गोष्ट काढतोच. तिथल्या महापालिकेने लिमक्स नावाने विंडोज सोडून लिनक्स आणि ओपन ऑफिस आणलं, हजारो मशीनींवर, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. लोक ती गोष्ट "बघा, नाही चालत" म्हणून सांगतात, पण मग फ्रान्सच्या जांदार्मरीची पण सांगा. त्या पोलीस दलाने २००५ मध्ये आधी फक्त ऑफिस बदललं, विंडोज तसंच ठेवून, मग ब्राउझर आणि मेल, आणि उबुंटूचं (लिनक्सचाच एक प्रकार) काम २००८ पासून. लोकांचे हात एकेका गोष्टीला बसत गेले. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये साधारण ३०,००० मशीनींसाठी जाहीर केलं त्यात पण लिब्रेऑफिस पुढे होतं. माझं मत स्पष्ट आहे, ऑफिस आणि ऑपरेटिंग सिस्टीम एकाच वर्षी बदलायची नाही, साहेबांना कितीही जोश आला तरी.

पॅकेज बनवणं

विंडोजसाठी एमएसआय फाइल मिळते, ग्रुप पॉलिसीने किंवा जे टूल तुमच्याकडे असेल त्याने ढकला, हातात पेनड्राइव्ह घेऊन प्लांटभर फिरू नका. पण ढकलायच्या आधी सेटिंग एकदा नीट बसवा, कारण पहिल्या दिवशी माणसाला जे दिसतं त्यावरच त्याचं मत बनतं. व्ह्यूमधल्या यूजर इंटरफेसमध्ये जाऊन टॅब्डवालं निवडा, रिबनसारखं दिसतं, निम्मी कुरकूर तिथेच संपते. लोकेल इंग्लिश इंडिया करा, तारीख दिवस-महिना-वर्ष अशी राहते आणि रुपयाचं चिन्ह, लाख-कोटीचे स्वल्पविराम यांची मारामारी कमी होते. मॅक्रो सिक्युरिटी हाय ठेवा आणि तुमचा सर्व्हरचा फोल्डर तेवढा ट्रस्टेड लोकेशनमध्ये घाला. अपडेट चेक बंद, अपडेट तुम्ही द्यायचं.

सेव्हचा डिफॉल्ट फॉरमॅट कुठला, यावर भांडणं होतात. ओडीएफ २००६ पासून आयएसओ स्टँडर्ड आहे आणि लिब्रेचा स्वतःचा फॉरमॅट आहे, डॉकएक्समध्ये सेव्ह करणं म्हणजे दर वेळी भाषांतर, त्यात थोडं थोडं झिजतं, हे खरं आहे. तरी पहिल्या वर्षी मी डिपार्टमेंट बघून ठरवेन, स्टोअर, एचआर, सिक्युरिटी यांना ओडीएस-ओडीटी, बाहेरच्यांशी फायली खेळवणाऱ्यांना एक्सएलएसएक्स-डॉकएक्स, आणि सेव्ह करताना येणारा तो "फॉरमॅट ठेवू का" वाला डबा सगळ्यांकडे बंद, नाहीतर त्यावरच रोज फोन येतात.

फॉन्ट, आणि इथलं गुजराती-मराठीचं

एरियल आणि टाइम्सच्या मापाचे लिबरेशन फॉन्ट, कॅलिब्रीच्या मापाचा कार्लितो, कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया, हे लिब्रेसोबतच येतात, अक्षरांची रुंदी सारखी म्हणून पान हलत नाही. हल्ली बाहेरून आलेल्या फायलींत अॅप्टोस असतो, मायक्रोसॉफ्टचा नवा डिफॉल्ट, तो तुमच्याकडे नसला की दोन पानांचं पत्र अडीच पानांचं होतं. ऑप्शन्समध्ये फॉन्ट रिप्लेसमेंटचं टेबल आहे, त्यात अॅप्टोसच्या जागी काय हे एकदा लिहून टाका.

नोटीस बोर्डचं प्रकरण वेगळं. प्लांटमध्ये नोटिसा गुजरातीत लागतात, कुठे हिंदीत, कुठे मराठीत पण, आणि जुन्या सगळ्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, तेराफाँट, कृतिदेव, श्रीलिपी. फॉन्ट मशीनवर असेल तर फाइल रायटरमध्ये दिसते व्यवस्थित, पण टाइप करायला लागलं की ऑटोकरेक्ट मध्ये येतं. त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, त्यामुळे वाक्याचं पहिलं अक्षर रायटरने कॅपिटल केलं की "क" चा भलताच कुठला तरी अर्धा आकार होतो, आणि सरळ अवतरण चिन्ह वाकडं केलं की मात्रा गायब. टायपिंग करणारे काका म्हणतात सॉफ्टवेअर खराब आहे. टूल्समध्ये ऑटोकरेक्ट ऑप्शन्समधून या दोन गोष्टी बंद करा त्यांच्या मशीनवर. नवीन जे काही लिहाल ते मात्र युनिकोडमध्येच. त्यासाठी भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि टेम्प्लेटमध्ये तिथला फॉन्ट निर्मला किंवा नोटो असा वेगळा ठरवून द्या, इंग्रजीचा आणि आपल्या लिपीचा फॉन्ट रायटर वेगवेगळा धरतो हे कळलं नाही तर माणूस साइज बदलून बदलून थकतो.

पायलट

पायलट म्हणजे आधी एकाच डिपार्टमेंटवर करून बघणं. आयटी डिपार्टमेंटवर पायलट करू नका, आपण लोक काहीही सहन करतो. अकाउंट्सवर पण नको. स्टोअर किंवा एचआर बरे. मार्च एंडला नाही, आणि नवरात्रात तर अजिबात नाही, नऊ दिवस सगळे उशिरापर्यंत गरब्यात आणि सकाळी डोळे उघडत नसतात तेव्हा नवीन मेनू कोणाला दाखवणार.

शिकवणं

वाचलेल्या पैशातला एक हिस्सा इथे टाका, हे मी बजेटमध्येच लिहून घेईन. पॉवरपॉइंट दाखवायचं ट्रेनिंग नको. दहा-बारा लोक, त्यांच्याच रोजच्या फायली, दोन तास. सगळं शिकवायची गरज नसते, हात जिथे अडखळतात तेवढं शिकवा. कॅल्कमध्ये डिलीटने मजकूर जातो पण बॅकस्पेस दाबलं की काय काय पुसायचं असं विचारणारा डबा येतो, लोक दचकतात. त्याहून महत्त्वाचं, एक्सेलमध्ये एका सेलमधला आकडा खाली ओढला की तोच आकडा कॉपी होतो, कॅल्कमध्ये तो एकेकाने वाढत जातो, १८ चं १९, २०, २१. रेटच्या किंवा टॅक्सच्या कॉलममध्ये हे झालं आणि कोणी पाहिलं नाही तर काय होईल ते सांगायला नको. कंट्रोल धरून ओढायचं, हे भिंतीवर चिकटवा. एक गोष्ट अशी पण दाखवा जी इथे जास्त चांगली आहे: सीएसव्ही उघडताना कॅल्क आधी विचारतो, तिथे कॉलम टेक्स्ट करून टाकला की पार्ट नंबरच्या पुढचे शून्य उडत नाहीत. स्टोअरवाल्यांना तेवढ्यावर हे सॉफ्टवेअर आवडतं.

प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये एक विचारायचा माणूस ठेवा, वयाने लहान असला तरी चालेल, पण ज्याला लोक न लाजता हाक मारतील असा. "आ मने नथी फावतुं" (हे मला जमत नाही) हे आधी त्याच्या कानावर जातं, हेल्पडेस्कच्या तिकिटात ते कोणी लिहीत नाही.

व्हर्जन आणि सपोर्ट

वर्षात दोन मोठी व्हर्जन येतात, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, २०२४ पासून नंबर पण वर्ष-महिन्याचाच आहे, २४.२, २४.८ असा. २४.८ च्या खाली राहू नका, कारण एक्सलुकअप, फिल्टर, युनिक हे फंक्शन तिथून आले आणि बाहेरून येणाऱ्या शीटमध्ये ते सर्रास असतात. एकदम ताजं आलेलं पण घेऊ नका, दोन-तीन दुरुस्त्या येऊ द्या. डॉक्युमेंट फाउंडेशन स्वतः सपोर्ट विकत नाही, म्हणून २०२१ च्या ७.१ पासून त्यांच्या डाउनलोडवर कम्युनिटी असं लिहिलेलं असतं. मोठ्या कंपनीला कोणाला तरी फोन करता आला पाहिजे असं वाटत असेल तर कोलाबोरासारख्या कंपन्या लांब मुदतीच्या व्हर्जनसकट सपोर्ट देतात, पैसे घेऊन. एकाच फाइलवर चार जणांनी एका वेळी काम करायचं असेल तर ते पण कोलाबोरा ऑनलाइन आणि नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फायली ठेवायचं सॉफ्टवेअर) लावून होतं, डेस्कटॉपवरच्या लिब्रेत, कॅल्कमधलं साधं शीट शेअर करणं सोडलं तर, ती सोय नाही. आणि आउटलुकला यात उत्तर नाही, मेलचा विचार वेगळा करा.

जुनं काढणं

दोन-तीन महिने दोन्ही राहू द्या, फक्त डबल क्लिक केल्यावर लिब्रे उघडेल असं करा. मग बघा अजून एक्सेल रोज कोण उघडतं, सॉफ्टवेअर इन्व्हेंटरी टूलमध्ये दिसतं ते. त्यांच्या शेजारी जाऊन बसा. काही जण नुसत्या सवयीने उघडत असतात, काहींचं काम खरंच अडतंय आणि तुमच्या यादीतून ते सुटले होते, त्यांना यादीत घ्या. बाकीच्या मशीनींवरून काढून टाका, आणि लायसन्स रिन्यू करायची तारीख आली की व्हेंडरला तीच यादी पाठवा, गेल्या वेळचा आकडा नको.