बर्फावर पडताना हात टेकू नका

शाळेत असताना एस्सेलवर्ल्डच्या बर्फावर मनसोक्त घसरले होते. चाळिशीत पुन्हा स्केट्स बांधले आणि दहाव्या मिनिटाला धप्पकन आपटले. सवयीने उजवा हात टेकला, मनगट मुरगळलं.

तेवढं टाळा. तोल जातोय असं वाटलं की रेलिंगकडे झेपावू नका. गुडघे वाकवून खाली बसा आणि कुशीवर, मांडी-कुल्ल्यावर पडा. हनुवटी छातीशी ठेवा, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पडल्यावर मुठी मिटा. मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून जायला नको. रोलर स्केटिंगवाल्या मुलांचे मनगटाचे गार्ड इथेही चालतात. लाज कसली त्यात!

मुरगळलंच तर अंगठी-बांगड्या लगेच काढा. सूज चढली की साबण लावूनही निघत नाहीत. रुमालात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं धरा (ज्याने पाडलं त्यालाच कामाला लावायचं). पहिले दोन दिवस तेलाची मालिश नको, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी.

आता महत्त्वाचं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा दिसतो. तिथे दाबून दुखलं तर मालिशवाल्याकडे न जाता थेट ऑर्थोपेडिककडे जा. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तडकलं तरी पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. मग पट्टा बांधून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. तोवर लोकलमध्ये कडी डाव्या हाताने धरायची.