कँटीनच्या बोर्डावर मीच लावलेला कागद

मोबाईल आणि वायफायच्या सुरक्षेत काम करायचंय, कुठून सुरू करू, असं विचारणारे फोन मला आता दर आठ-पंधरा दिवसाला येतात. बहुतेक पोरं डिप्लोमा नाहीतर बीसीए झालेली, अंबड, गेवराई, परतूरकडची. राउटर, व्हीलॅन, आयपी त्यांना माहीत असतं, म्हणून ते इथं परत सांगत नाही. मला एका सेटिंगबद्दल सांगायचंय: वायफायला जोडताना फोननं समोरच्या सर्व्हरची ओळख तपासावी की नाही. ते सेटिंग मी तीन वर्षं लोकांना चुकीचं शिकवलं, आणि आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

मी वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो, तेव्हा सगळ्या प्लांटला वायफायचा एकच पासवर्ड होता. स्टोअरवाल्याला माहीत, गेटवरच्या गार्डला माहीत, माल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरलाही माहीत. काम सोडून गेलेला माणूस पासवर्ड सोबत घेऊन जायचा. बदलायचा म्हटलं तर दोन्ही शेडमधले बारकोड स्कॅनर एकेक करून हातात घ्यावे लागणार आणि तोवर डिस्पॅच बंद, म्हणून कुणी बदलत नव्हतं. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीत असा सामायिक पासवर्ड असला की तो माहीत असलेला माणूस, फोन जोडला जाताना होणारी चार संदेशांची देवाणघेवाण पकडून, त्या फोनची पुढची सगळी रहदारी उलगडू शकतो. हे वाचल्यावर मला राहवेना.

२०१९ च्या दिवाळीनंतर मी एका जुन्या सर्व्हरवर फ्रीरेडियस, म्हणजे प्रत्येकाचं नाव-पासवर्ड तपासणारं सॉफ्टवेअर, बसवलं आणि नेटवर्क डब्ल्यूपीए२ एंटरप्राइजवर नेलं. स्कॅनर तेवढे जुन्याच नेटवर्कवर राहिले. प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड. तोच पासवर्ड मेलला आणि ईआरपीलाही, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला. कोण कधी जोडलं गेलं ते लॉगमध्ये नावानिशी दिसायला लागलं. मला फार अभिमान वाटला होता.

अडचण फोनवर आली. अँड्रॉइडमध्ये असं नेटवर्क जोडताना पाच-सहा रकाने येतात: ईएपी मेथड, फेज २, सीए सर्टिफिकेट, डोमेन, आयडेंटिटी, पासवर्ड. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र, आणि सीए म्हणजे ते देणारी संस्था. आमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट मी घरचंच बनवलेलं, त्यामुळं फोन ते मानायला तयार नव्हते. शिफ्ट सुटताना माझ्या टेबलाशी रांग लागायची. शेवटी मी एक पान टाइप केलं, चित्रांसकट, आणि कँटीनच्या बोर्डावर लावलं. त्यात तिसरी ओळ होती: सीए सर्टिफिकेट – डू नॉट व्हॅलिडेट (तपासू नका) निवडा. दुसऱ्या दिवशी रांग संपली. सगळ्यांनी शाबासकी दिली.

आता नीट वाचा, कारण इथंच फसगत होते. एंटरप्राइज वायफायमध्ये दोघांनी एकमेकांना ओळख पटवायची असते. तुम्ही पासवर्डनं तुमची पटवता, सर्व्हर सर्टिफिकेटनं त्याची पटवतो. आम्ही वापरलेल्या पीईएपी पद्धतीत आधी सर्व्हरचं सर्टिफिकेट येतं, त्यावरून एक बंदिस्त बोगदा तयार होतो आणि त्या बोगद्यातून तुमच्या पासवर्डवर आधारलेलं उत्तर जातं. सर्टिफिकेट तपासूच नको असं फोनला सांगितलं, तर बोगदा तयार होतोच, फक्त तो कुणाशी तयार झाला हे फोन विचारत नाही. आणि फोन नेटवर्क ओळखतो नावावरून. त्याच नावाचं दुसरं नेटवर्क जास्त जोरात ऐकू आलं की तो तिकडं जातो, खिशात असतानाच. मालकाला काही कळत नाही. पासवर्ड उघडा जात नाही हे खरं, पण ते उत्तर एमएसचॅपव्ही२ या जुन्या पद्धतीनं बनतं, ते पकडलं की पुढचं काम घरी बसून करता येतं. २०१२ मध्येच जाहीर दाखवून झालंय की ते फोडायचं काम डीईएस या जुन्या कूटपद्धतीतल्या एकाच किल्लीच्या शोधावर येऊन थांबतं. नाव आणि पुढं @१२३ असा पासवर्ड असेल तर तेवढेही कष्ट नकोत, शब्दांची यादी चालवली की निघतो.

२०२२ मध्ये आमच्या एका मोठ्या ग्राहकानं सुरक्षेचं ऑडिट लावलं. ऑडिटर आधी गेटच्या आत आलाच नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर लॅपटॉप आणि हाताएवढा राउटर घेऊन बसला, आमच्याच नेटवर्कचं नाव देऊन. जेवणाच्या सुट्टीत आमची माणसं चहाला बाहेर आली आणि त्यांचे फोन एकेक करून त्याच्याकडं गेले. संध्याकाळी मीटिंगमध्ये त्यानं अकरा जणांची नावं आणि सात जणांचे पासवर्ड पडद्यावर दाखवले. त्यात परचेसच्या मॅनेजरचा होता. मग त्यानं कँटीनच्या बोर्डाचा फोटो दाखवला. माझा कागद. खाली माझी सही.

इशारा आधी मिळाला होता, हे जास्त लागतं. डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून गुगलनं अँड्रॉइड ११ मधून तो पर्याय काढायला सुरुवात केली, आधी पिक्सेलवर, मग हळूहळू इतर कंपन्यांच्या फोनवर. नवे फोन घेतलेली माणसं माझ्याकडं यायची, साहेब ती ओळच दिसंना म्हणायची. गुगलनं ती का काढली असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी त्यांना स्कॅनरच्या जुन्या नेटवर्कचा पासवर्ड देऊन मोकळा झालो. एकदा माझ्या सीनियरला विचारलंही होतं. तो म्हणाला, ‘चालायलंय ना? मग हात नको लावूस.’ माणूस मनानं चांगला होता, केबल ओढण्यापासून सगळं त्यानंच मला शिकवलं. पण गुरू निवडताना एवढं बघा की तो तुमच्या ‘का’ला उत्तर देतो की नाही. देत नसेल तर त्याच्याकडून हातकाम शिका, निर्णय घ्यायला शिकू नका.

नोकरी गेली नाही. प्लांट हेडनी एवढंच विचारलं, ‘किती दिवसांत दुरुस्त करतोस?’ म्हणून सांगतो, तुमच्या हातून असं झालं तर लपवू नका. स्वतः जाऊन सांगा, सोबत दुरुस्तीचा कागद न्या. चूक निस्तरलेल्या माणसाची या कामात किंमत असते, हे मी स्वतः बघितलंय.

दुरुस्तीला चार महिने लागले. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे पासवर्ड बदलले. मग कंपनीच्या फोनवर एमडीएम, म्हणजे सगळे फोन एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर, आणलं आणि त्यातून प्रत्येक फोनला स्वतःचं सर्टिफिकेट दिलं, म्हणजे ईएपी-टीएलएस. त्यात पासवर्डच नाही, तर चोरणार काय? माणसांच्या स्वतःच्या फोनला वेगळं नेटवर्क, फक्त इंटरनेटपुरतं. स्कॅनर मात्र तसेच राहिले. त्यातलं अँड्रॉइड इतकं जुनं की अपडेट येणं बंद झालेलं, आणि नवे घ्यायला पैसे मंजूर होत नव्हते. त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या अलग कप्प्यात, कोंडलं आणि एका सर्व्हरपलीकडचं काही दिसणार नाही असं केलं. मनासारखं झालं नाही, पण कारखान्यात बऱ्याचदा असंच करावं लागतं.

एमडीएम हातात आलं की एक जपा. एखाद्यानं स्वतःच्या फोनवर कंपनीचं मेल घेतलं असेल तर त्यात वर्क प्रोफाइल, म्हणजे कंपनीच्या कामाचा वेगळा कप्पा, बनवा आणि तो नोकरी सोडताना तेवढंच पुसा. अख्खा फोन पुसायचं बटण शेजारीच असतं. त्याच्या लेकराचे फोटो त्यात असतात.

मॅक फिल्टरिंगवर, म्हणजे ठरावीक हार्डवेअर पत्त्याच्या फोनलाच वायफाय देण्यावर, मुलाखतीत अजून उत्तरं देतात पोरं. सोडून द्या. मॅक पत्ता नक्कल करायला मिनिट लागतं, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन स्वतःच प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट पत्ता दाखवतात. त्यापेक्षा पीएम किसान नाहीतर आरटीओ चलानच्या नावानं व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायलीबद्दल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) बोला. ती फाईल सुपरवायझरच्या फोनमध्ये बसली की एसएमएसवर येणारा ओटीपी परक्याच्या हातात जातो. आपल्याकडच्या कारखान्यातली निम्मी माणसं शेतीही करतात, ती असल्या फायली उघडणारच. आणि सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मुळातून वाचा. घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे. लहान कारखान्यात हे माहीत असलेला माणूस तुम्हीच असाल.

अभ्यासाचं थोडक्यात. सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा करा, पण डंप, म्हणजे फुटलेले प्रश्नसंच, पाठ करून नको. डंपवाला पोरगा मी पाच मिनिटांत ओळखतो आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण पैसे बापाचे गेलेले असतात. पुण्याला जाऊन लाखाचा कोर्स करायची गरज नाही. संभाजीनगरात पैठण गेटला जुना राउटर मिळेल, ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणारा बघून घ्या. एक जुना लॅपटॉप, दोन फोन. झाली प्रयोगशाळा. कॉलेजच्या नाहीतर शेजाऱ्याच्या वायफायवर हात साफ करू नका. आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि एक एफआयआर झाली की या क्षेत्रात कुणी दारात उभं करत नाही.

पहिला प्रयोग हा करा. लॅपटॉपवर फ्रीरेडियस चालवा, राउटर त्याला जोडा. फोनवर सर्टिफिकेट न तपासता नेटवर्क जोडा. नवीन फोनवर तो पर्याय नसेल, म्हणून एक फोन जुना हवा. मग रेडियसचं सर्टिफिकेट बदलून दुसऱ्याच कुणाचं लावा आणि फोन खिशात ठेवून खोलीबाहेर जाऊन या. लॉगमध्ये तुमचंच नाव उमटलेलं दिसेल, फोननं काहीही विचारलेलं नसेल. आता फोनमध्ये मूळ सीए टाका, डोमेन भरा आणि परत तेच करा. या वेळी लॉगमध्ये ‘अननोन सीए’ अशी ओळ येईल आणि फोन पुढं जाणार नाही. ती ओळ दिसेपर्यंत सोडू नका. दोन-तीन रात्री जातील, मला पाच लागल्या होत्या. अडलात तर संध्याकाळी सातनंतर फोन करा, त्याआधी मी शॉपफ्लोअरवर असतो.