रामलिंगच्या घळीत वसंतातील फुलपाखरे कशी शोधावीत

फुलपाखरे म्हटली की सोलापूरच्या माणसाला श्रावण-भाद्रपद आठवतो, आणि ते चुकीचे नाही. त्यांची खरी गर्दी पावसानंतरच होते. तथापि फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत, बालाघाटच्या एखाद्या डोंगरघळीत ती शोधणे तुलनेने सोपे जाते, कारण तोवर माळ कोरडा पडलेला असतो आणि ओल, सावली व कोवळी पालवी घळीच्या आसऱ्यानेच टिकून असते.

येडशीजवळची रामलिंगची घळ यासाठी सोयीची आहे. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव मार्गे राष्ट्रीय महामार्ग 52 ने हे अंतर सुमारे 90 किलोमीटर भरते. महादेवाचे मंदिर घळीच्या तळाशी असून परिसर येडशी रामलिंग घाट अभयारण्यात येतो. त्यामुळे मळलेली वाट सोडू नये आणि फुलपाखरे पकडण्याची जाळी घरीच ठेवावी.

भल्या पहाटे पोहोचण्याची घाई करू नये. पहिल्या खेपेस आम्ही पावणेसातलाच घळीत उतरलो आणि जवळपास तीन तास वानरांखेरीज काहीही पाहिले नाही. त्यांनी मात्र आमची कडक भाकरी व शेंगाचटणी नीट पाहून घेतली. फुलपाखराच्या छातीतील स्नायू साधारण 30 अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही, आणि घळीच्या तळाशी ऊन उशिरा पोहोचते. म्हणून साडेआठच्या सुमारास वरच्या काठावरील पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर सुरुवात करावी, जिथे फुलपाखरे पंख पसरून उन्हाला बसलेली सापडतात, आणि ऊन ओढ्याच्या पात्राला लागले की त्याच्यामागोमाग खाली उतरावे. बारानंतर थांबण्यात फारसा अर्थ नाही.

फुलपाखरामागे धावण्याऐवजी त्याचे झाड ओळखावे, कारण मादी ठरावीक झाडांवरच अंडी घालते आणि म्हणून त्या झाडाभोवती परत परत येते. रुईच्या पानाची खालची बाजू हलकेच उलटून पाहावी. काळे, पांढरे व पिवळे पट्टे आणि काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली, तर ती प्लेन टायगर या फुलपाखराची समजावी. आषाढी द्वादशीच्या पारण्याला जिच्या फळांची भाजी करतात, त्या वाघाटीच्या काटेरी वेलीजवळ पायोनियर हे काळ्या शिरांचे पांढरे फुलपाखरू घिरट्या घालते. बेलाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखे दिसले तरी जवळून पाहावे, कारण लिंबाळी या फुलपाखराची लहान अळी नेमकी तशीच दिसते. झाडांवर बांडगूळ असेल तर हळदीकुंकू नावाच्या फुलपाखरासाठी मान वर करून पाहावे लागते. फुलांमध्ये वाटेकडेची एकदांडी दुर्लक्षू नये. पळसाच्या झळाळीपेक्षा तिच्या बारक्या फुलांवर अधिक फुलपाखरे बसलेली मी पाहिली आहेत.

प्लेन टायगर पाहताना एक फसगत ठरलेली असते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अळी शरीरात साठवते, त्यामुळे हे नारिंगी फुलपाखरू पक्ष्यांना नकोसे होते, आणि छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराच्या मादीने नेमके तेच रूप घेतले आहे. फरक मागच्या पंखावर पाहावा: प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, चांदव्याच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच असतो. चांदव्याचा नर मात्र काळा असून त्याच्या पंखांवर जांभळट निळ्या कडेचे मोठे पांढरे ठिपके असतात, त्यामुळे तो या मादीचा जोडीदार आहे हे नवख्याला सांगूनही पटत नाही.

मार्चमध्ये ओढा वाहत नसला तरी डबक्यांच्या काठाची रेती ओली राहते. तिथे होणारे चिखलपान हा या फेरीचा सर्वांत समृद्ध भाग आहे. ओल्या रेतीत सोंड खुपसून बसलेली फुलपाखरे बहुधा नर असतात. ते क्षार, विशेषतः सोडियम, शोषून घेतात आणि त्यातील काही वाटा मीलनात मादीला मिळतो. सावली त्यांच्यावर पडणार नाही अशा बाजूने, वाकून, दोन पावले टाकून थांबत जवळ जावे. सगळी उडाली तर जागा न सोडता दहा मिनिटे बसून राहावे. पुष्कळदा ती त्याच ओलीवर परततात. ओळख पटवण्यासाठी उघड्या व मिटलेल्या पंखांची स्वतंत्र छायाचित्रे घ्यावीत, कारण अनेक जातींचा निर्णायक खुणांचा भाग पंखाच्या खालच्या बाजूस असतो.

दोन मीटरच्या आतले स्पष्ट दाखवणारी दुर्बीण, माणशी तीन लिटर पाणी आणि मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे पुरेसे आहेत. अत्तर लावू नये व धूर करू नये, कारण कड्यावर आग्यामोहोळ असू शकते.

परतताना झाडांखालच्या पाचोळ्यातून सावकाश चालावे. पायाजवळचे एखादे वाळके पान अचानक उडून चार हातांवर पुन्हा पडले, तर ते बहुधा कॉमन इव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरू असते. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूस डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, कोरड्या ऋतूतील पिढीत ते जवळपास पुसले जातात आणि उरतो तो पानाचा रंग. ते जिथे पडले त्या जागेवरून नजर हलवू नये, कारण एकदा हलली की पाचोळ्यात ते पुन्हा सापडत नाही.